मुका सोमवार

हेमावती टीचरचं बोलावणं आलं तेव्हा वेणक्का कनकांबराच्या वाफ्यात कमरेतून वाकलेली होती, आणि वाकलेली असताना कोणी हाक मारलेली तिला खपत नसे.

"वेणक्का! अहो वेणक्का!"

"काय गं सुलभा, घर पेटलंय काय तुझं?"

शेजारची सुलभा बांधावर उभी होती, काखेत रिकामी घागर. घागर रिकामी, म्हणजे बाई पाण्याला नव्हे, बोलायला निघालेली. "टीचरनं निरोप धाडलाय. उद्या शाळेत या म्हणून, शिल्पाच्या घरच्यांनी. माझी नीरजा सांगत आली."

"कशाला?"

"मला काय ठाऊक? बक्षीस देणार असतील."

वेणक्कानं मान वर केली नाही. "पोचला म्हणावं निरोप. आणि जाताना बांधावरनं जा, वाफ्यातनं नको."

कनकांबर ऊन चढायच्या आत खुडावं लागतं. केशरी, बिनवासाचं फूल. देठाला नख जोरात लागलं तर दुपारीच मान टाकतं. येलहंक्याच्या तळ्याखाली अर्धा एकर जमीन होती, तिच्यावर दिवसभर सरावाची विमानं घिरट्या घालत, आणि नवरा गेल्यापासून वेणक्का ती जमीन एकटीच्या जोरावर कसत होती. तिच्या सासरचं घर चार पिढ्यांपासून इथलं. चुलीपाशी मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. तिचं खरं नाव कृष्णवेणी, पण ते फक्त रेशनकार्डावर. शाळा दुसरीपर्यंत, सही करायची झाली तर ओठ चावून, अंगठ्याला घाम फुटेपर्यंत. पण गल्लीतल्या एकूण एक बाईला तिनं सांगून ठेवलं होतं की आमची शिल्पाश्री एसएसएलसी, म्हणजे दहावी, पास होणार, मग टीचर होणार. आमच्या घरात पहिली.

आणि ती शिल्पाश्री दसऱ्यापासून भिंतीकडं तोंड करून पडलेली होती.

ताप नाही, खोकला नाही. डॉक्टरनं जीभ बघितली, पापणी ओढून बघितली, रक्त कमी आहे म्हणून लाल औषधाची बाटली दिली. ती बाटली संपली, दुसरी संपली. पोरगी शाळेत जायची तेव्हा जायची, आली की दप्तर टाकून आडवी. केस विंचरायची नाही. ऊठ म्हटलं तरी 'हं', जेव म्हटलं तरी 'हं'. एक दिवस वेणक्का चिडून म्हणाली, "मरतेस का मग?" त्यालाही तेच. 'हं.'

त्या संध्याकाळी वेणक्कानं थोरल्या मुलाला, श्रीकांतला, परसातल्या विहिरीवर लोखंडी जाळी घालायला लावली. बादलीपुरतं चौकोनी भोक ठेवून, कडेनं तार आवळून.

"कशाला ही जाळी?" त्यानं विचारलं.

"शेळ्या पडतात."

वेणक्काला पुढचा प्रश्न विचारायची त्या घरात पद्धतच नव्हती.

*

शाळेत जायला तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. नखं लिंबानं घासली, तरी केशरी डाग गेले नाहीत. हेमावती टीचरनं मायलेकींना स्टाफरूममध्ये बसवलं नाही. व्हरांड्यात बाक होता, तिथं बसवलं. पलीकडं शिपाई घंटेपाशी बिडी ओढत उभा. टीचरनं पेपरांचा गठ्ठा काढून पुढं ठेवला. पूर्वपरीक्षेचे. वर नाव, नंबर, आणि खाली कोरं. सगळे तसेच.

"शिल्पाश्री," टीचर कन्नडात म्हणाल्या, "प्रश्न कळले नव्हते का?"

"कळायला पुस्तक उघडलं पाहिजे की, टीचर," वेणक्का म्हणाली.

"घरी अभ्यासाला कुठं बसतेस?"

"बसते कुठली? लोळते. दहा वेळा सांगितलं, बाई गं, उजेडात बस—"

"सकाळी उठतेस किती वाजता?"

"मी तोंडावर पाणी मारते तेव्हा."

टीचरनं पेन खाली ठेवलं. "वेणक्का, मी तुम्हाला विचारलं नाही."

शिपायानं बिडी तोंडातनं काढली.

"तिचं तोंड उघडायच्या आत तुमचं उघडतं. मघापासून बघतेय. तिला मी तीन गोष्टी विचारल्या, तिन्ही तुम्ही सांगितल्या. एक दिवस गप्प बसून बघा की स्वल्प." मग शिल्पाकडं वळून, "तुला परीक्षेला बसू द्यायचं की नाही हा प्रश्नच नाही. बसू देईन. पण हॉल तिकीट न्यायला तू यायचंस, एकटीनं. आणि 'बसते' असं तुझ्या तोंडानं मला सांगायचंस. आईनं सांगितलेलं चालणार नाही."

शिल्पा पायाच्या अंगठ्यानं फरशीची भेग खरवडत होती. उंच, हाडं निघालेली पोरगी. युनिफॉर्मच्या बाह्या मनगटापासून चांगल्या दोन बोटं वर राहिलेल्या. तिनं वर बघितलं नाही.

परतताना वेणक्का पुढं आणि शिल्पा मागं. रेल्वे फाटक येईपर्यंत वेणक्काचं तोंड थांबलं नाही. टीचरच्या साडीपासून सुरू झालं, शाळेच्या गळक्या छपरावरून गेलं आणि पोरीच्या उंचीवर येऊन पडलं. "ताडासारखी वाढलीस नुसती. अंग वाढलं, अक्कल तिथंच. त्या शिपायासमोर माझी लाज घालवलीस." मागनं आवाज आला नाही. 'हं' सुद्धा नाही.

रात्री जेवताना श्रीकांत म्हणाला, "नाही बसली तर राहू दे. गार्मेंटमध्ये लावू. कावेरीच्या ओळखीची सुपरवायझर आहे तिथं."

"माझी पोरगी बटणं लावायला जाणार नाही," वेणक्का म्हणाली. "टीचर होणार म्हणून सांगितलंय मी." मग शिल्पाच्या ताटाकडं वळली. "आणि ही बघा. तीन घास. तेही उपकार करून. अगं, टीचर समोर बसून विचारते तर दात उचकटून एक शब्द काढता येत नाही तुला? दगडाला विचारलं असतं तर—"

शिल्पानं ताटात हात धुतला आणि ती उठून गेली. सून कावेरी ताट उचलायला वाकली, नवऱ्याकडं बघितलं. भातावर पाणी तरंगत होतं. ताटात हात धुणं हे त्या घरात अन्नाला लाथ मारण्यासारखंच, आणि शिल्पानं ते आजवर कधी केलं नव्हतं. वेणक्कानं तोंड उघडलं, आणि का कोण जाणे, मिटलं.

*

मुका सोमवार हे तिच्या सासूचं व्रत. श्रावणात धरायचं. झोपेतनं उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. हूं नाही की चूं नाही. सासू गेल्यावर वेणक्कानं ते कधी धरलं नव्हतं. म्हणायची, देवाला माझा आवाज आवडतो.

संक्रांत सरली त्या आठवड्यात तिनं जाहीर केलं, सोमवारपासून मी मुकी.

"पौषात कोण व्रत धरतंय वो, आत्ती?" कावेरी निपाणीकडची, तिचं मराठी वेगळं आणि डोकं सरळ. "श्रावण लांब हाय की अजून."

"देवाला काय फक्त श्रावणातच कान असतात?"

"आन् कशापाई?"

"पोरीच्या परीक्षेसाठी. परीक्षा होईपर्यंत दर सोमवारी."

कावेरीनं पदर तोंडावर धरला. टीचर काय म्हणाल्या ते सुलभानं नीरजाकडनं आणि नीरजानं शिपायाकडनं घेऊन गल्लीभर पोचवलं होतं. टीचरचं ऐकलं असं कोणी म्हणू नये म्हणून आत्तींनी ते देवाच्या नावावर घातलं, हे कावेरीला कळलं, आणि आपल्याला कळलं हे आत्तींना कळू नये एवढी ती हुशार होती.

पहिल्या सोमवारी घर हादरलं. वेणक्का बोलत नव्हती, पण भांडी बोलत होती. चहात साखर कमी म्हणून तिनं कप असा ठेवला की बशी उडाली. कावेरीनं वाफ्याला पाणी उलटं सोडलं तर ती बांधावर उभी राहून दोन्ही हात असे फिरवायला लागली की रस्त्यानं जाणारा सायकलवाला उतरून बघत राहिला. दूधवाल्यानं माप उणं घातलं. गवारीवाल्यानं जून गवार दिली. सुलभा येऊन मुद्दाम अर्धा तास बसली, नीरजाला पूर्वपरीक्षेत पडलेले मार्क एकेका विषयाचे सांगून गेली, आणि वेणक्काला फुलं गुंफता गुंफता केळीच्या सोपटाचा दोरा तीनदा तुटेपर्यंत ओढण्यापलीकडं काही करता आलं नाही.

शिल्पा दिवसभर भिंतीकडं तोंड करून होती. दोघी मुक्या, एकाच खोलीत.

दिवेलागणीला वेणक्कानं देवापुढं निरांजन लावलं, घोटभर पाणी पिऊन घसा मोकळा केला, पण तिला झोप आली होती. सगळं मंगळवारी निघालं. सोमवारी जे जे गिळलं होतं ते ते, नगास नग. दूधवाला, गवार, सुलभा, आणि सगळ्यात जास्त शिल्पा. "काल दिवसभर बघत होते मी, बोलत नव्हते म्हणून आंधळी नव्हते—"

दुसऱ्या आठवड्यातही तेच. तेव्हा कावेरी फुलं निवडता निवडता, मान खाली घालूनच म्हणाली, "एक सांगू का, आत्ती? राग नका मानू. सोमवारचं सगळं मंगळवारी काढताय तुम्ही. देव खुळा नाही की."

"तू मला व्रत शिकव आता."

पण तिला ते लागलं. इतकं लागलं की तिसऱ्या मंगळवारी तिनं फक्त दूधवाल्याला शिव्या दिल्या.

*

माघाच्या एका सोमवारी कावेरी माहेरी होती आणि श्रीकांत कामावर, पहिल्या पाळीला. गुंफलेल्या माळा बसस्टँडजवळच्या दयानंदच्या दुकानात पोचवायच्या होत्या. पूजेच्या सामानाचं दुकान. कापूर, कुंकू, नारळ, आणि दाराशी ओल्या फडक्याखाली फुलं. माळ मोळावर मोजतात. मोळ म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. दयानंदचा आणि वेणक्काचा ह्या मोळावरून रोजचा तंटा असे, आणि तो तंटा ऐकायला बसच्या रांगेतली माणसं दुकानाकडं सरकत.

वेणक्का शिल्पाच्या अंथरुणापाशी जाऊन उभी राहिली. टोपलीकडं बोट केलं, मग तोंडाकडं, मग रस्त्याकडं. शिल्पा बघत राहिली. अभ्यासाची सुट्टी लागली होती, शाळेचं निमित्त नव्हतं. शेवटी ती उठली, तोंडावर पाणी मारून आईच्या मागं निघाली. पायात चपला दोन वेगवेगळ्या.

दयानंदनं आईकडं बघितलं, लेकीकडं बघितलं, आणि त्याच्या लक्षात आलं की आज सोमवार. त्यानं माळ उचलली आणि मोजायला लागला. डाव्या हातानं दोरा धरला तो उजव्या कोपराच्या वर, दंडाच्या मध्यावर. मग बोटाच्या टोकाच्याही पुढं सैल सोडला. एक झालं. दुसरं झालं. वेणक्काची कानशिलं तापली. तिनं टोपलीच्या काठावर चापट मारली. दयानंद हसला. "काय म्हणता, वेणक्का? ऐकू येईना मला."

रांगेतलं कोणीतरी हसलं.

वेणक्कानं शिल्पाकडं बघितलं. शिल्पा नारळांकडं बघत होती. दयानंदनं तिसरं मोजलं, दंडापासूनच. वेणक्काच्या जिभेवर शब्द येऊन बसला होता, चांगला, धार लावलेला. नुसतं तोंड उघडायचं होतं. तिनं डोळे मिटले.

"अण्णा," कोणीतरी म्हणालं. आवाज घोगरा, न वापरलेला. "कोपर खाली आहे."

"काय?"

"तुमचं कोपर. ते खाली आहे. तुम्ही दंड मोजताय."

रांगेत मोठ्यानं हशा झाला. दयानंदचे कान लाल झाले. "मग तूच मोज की गं. तुझा हात काय, इथनं तळ्यापर्यंत पोचेल!"

शिल्पानं हात मागं घेतला. बाही ओढून मनगट झाकायला गेली, ती पुरली नाही. वेणक्काला वाटलं, झालं, आता वळेल आणि घरी जाऊन पडेल. पोरीच्या उंचीवरनं हेच आपण घरात किती वेळा म्हटलंय ते तिला तिथं, भर बाजारात, दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आलं.

पण शिल्पा वळली नाही. तिनं आईचं मनगट धरलं. थंड बोटं होती पोरीची. हात पुढं ओढून सरळ केला, दोऱ्याचं टोक कोपराच्या हाडावर ठेवलं, माळ बोटापर्यंत आणली. "आईच्या हातानं ठरलंय. पहिल्यापासनं." आणि मोजायला लागली, मोठ्यानं, कन्नडात. "ओंदु. एरडु. मूरु."

वेणक्का दुकानापुढं हात लांब करून उभी होती, कपडे वाळत घालायच्या काठीसारखी. खांदा भरून आला तरी तिनं हात हलवला नाही. दर वेळी दोरा कोपराला लागला की गुदगुली होत होती. माळा संपूच नयेत असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल स्वतःचा राग आला, कारण उन्हानं फुलं सुकत होती.

"सरी, सरी, पटलं," दयानंद म्हणाला. "लेकीला रोज आणू नका म्हणजे झालं."

घरी येईपर्यंत शिल्पा परत गप्प. येऊन पडली. पण तोंड छताकडं होतं.

मंगळवारी वेणक्कानं तिला काही म्हटलं नाही. शाबासकीही दिली नाही. ती तिला येतही नसे. सुलभा बांधावरून विचारायला आली, "काल म्हणे शिल्पा बाजारात बोलली?" तर वेणक्का म्हणाली, "का, बोलायला तुझी परवानगी लागते?" पुढं चकार शब्द सांगितला नाही.

*

हॉल तिकीट शिल्पानं आणलं. कधी गेली, टीचरना काय म्हणाली, कोणाला ठाऊक नाही. एके दिवशी ते देव्हाऱ्यावर ठेवलेलं दिसलं, तेलाचा डाग लागू नये म्हणून खाली कागद. वेणक्कानं ते गल्लीत नेऊन दाखवलं नाही. हे तिला सगळ्यात जड गेलं.

फाल्गुनात ऊन चढलं. दुपारी वेणक्का चिंचेखाली फुलं गुंफायला बसे, आणि कधीकधी शिल्पा पुस्तक घेऊन तिच्या पाठीशी येऊन बसे. कधी वाचायची, कधी पुस्तक तोंडावर घेऊन झोपायची. झोपली की वेणक्काच्या जिभेला खाज सुटायची. ती सोपट दातात धरायची आणि गाठ मारायची. तीन-चार दिवस पोरगी परत भिंतीकडं गेली; तेव्हा वेणक्का ताट तिथंच ठेवून यायची आणि रिकामं झालं की नाही ते बघायला स्वतः न जाता कावेरीला धाडायची.

कन्नडचा पेपर सोमवारी आला.

केंद्र रेल्वे फाटकापलीकडच्या मोठ्या शाळेत. दोघी सकाळी निघाल्या. वेणक्काच्या डोक्यावर माळांची टोपली, परस्पर दयानंदकडं टाकायची. फाटक बंद होतं. मालगाडी यायची होती. वेणक्का दगडावर बसली. शिल्पा उभी.

"आई."

वेणक्कानं वर बघितलं.

"मला काही येत नव्हतं असं नाही. त्या पेपरात. थोडं येत होतं." ती रुळांकडं बघून बोलत होती. "पण लिहिलं की तू सांगत फिरणार. नापास झाले तरी सांगणार, पास झाले तरी सांगणार. टीचर होणार म्हणून तूच सांगितलंस. मला कोणी विचारलं होतं?"

वेणक्काचं तोंड उघडलं. उत्तर होतं तिच्याकडं. एक नव्हे, सात होती. कोणासाठी राबते मी? तुझ्या वयात मी शेण थापत होते. टीचर होणं म्हणजे काय वाईट सांगितलं? सगळी एकदम घशाशी आली आणि तिथं सोमवार आडवा बसलेला.

"मला ठाऊक नाही मला काय व्हायचंय," शिल्पा म्हणाली. "सकाळी उठावंसंच वाटत नाही. का ते विचारू नकोस, मलाच कळत नाही."

मालगाडी आली. डबे मोजायचे म्हटले तरी मोजता आले नसते, इतकी धूळ. गाडी जाईपर्यंत वेणक्का लेकीच्या चपलांकडं बघत बसली. आज दोन्ही सारख्या होत्या. फाटक उघडलं, तशी ती उठली, आणि टोपली डोक्यावर घ्यायला पोरीनं हात लावला.

शाळेच्या फाटकापाशी शिल्पा आत गेली. मागं वळून बघितलं नाही. वेणक्का दयानंदकडं जायला निघाली आणि थोडं चालून परत आली. झाडाखाली बाकीच्या आया बसल्या होत्या, त्यांच्यात जाऊन बसली. कोणाचं पोर किती अभ्यास करतं, कोणाला ट्यूशन आहे, सगळं चाललं होतं. एकीनं तिला विचारलं, "तुमचा मुलगा का मुलगी?" वेणक्कानं नुसता हात उंच करून दाखवला, एवढी उंच. बाई दुसरीला हळूच म्हणाली, "बिचारी, मुकी आहे वाटतं." आणि तिनं वेणक्काच्या हातावर केळं ठेवलं.

येलहंक्यात वेणक्काची कोणी कीव केलेली ती पहिली वेळ. तिनं केळं खाल्लं. टोपलीतल्या माळा तोपर्यंत काळ्या पडल्या होत्या.

*

निकाल शाळेच्या फळ्यावर लागला. शिल्पा एकटी जाऊन बघून आली. चूल पेटलेली, कावेरी भाकऱ्या थापत होती. "गणितात गेले," शिल्पा म्हणाली. "बाकी सगळ्यात आहे." आणि आत गेली.

तेवढ्यात बांधावर सुलभा. नीरजाला सेकंड क्लास मिळाला होता, हातात पेढ्याचा पुडा. "काय झालं हो शिल्पाचं? तुम्ही तर टीचर होणार म्हणत होतात."

"मी म्हणत होते. ती कधी म्हणाली?" वेणक्का म्हणाली. "पेढा दे. नीरजानं अभ्यास केला, तिचा पेढा मी खाणार. आणि तू आता घरी जा, तुझं दूध उतू जात असेल."

"दूध ठेवलंच नाही मी."

"मग जाऊन ठेव."

जेवायला बसल्या तेव्हा घरात एवढं शांत होतं की वरून गेलेल्या विमानाचा आवाज भांड्यात घुमला. कावेरीनं वाढलं. वेणक्कानं भात कालवला, खाल्ला. शिल्पा वाट बघत होती. पाठ ताठ, घास हातात. एक घास झाला, दोन झाले. वेणक्कानं ताक मागितलं ते बोटानं.

"आई," शिल्पा म्हणाली. "आज सोमवार नाही."

"ठाऊक आहे मला."

कावेरी ताकाचं भांडं घेऊन तिथंच थांबली.

"सप्टेंबरात परत आहे गणित," शिल्पा म्हणाली. "बसेन बहुतेक. अजून ठरवलं नाही."

"सरी."

शिल्पानं घास घेतला. चावत राहिली. मग ताटाकडं बघतच म्हणाली, "आणि ती विहिरीवरची जाळी काढा. बादली अडकते रोज."

"राहू दे. शेळ्या पडतात."

"गल्लीत शेळी कोणाकडं आहे, आई?"

वेणक्कानं कावेरीकडं बघितलं. कावेरीनं ताकाकडं बघितलं. सुलभाकडं म्हैस होती, पलीकडच्या घरी कोंबड्या. ह्या गल्लीत शेळी कधी नव्हतीच.  

"आधी जेव," ती शेवटी म्हणाली.

जेवणं झाली. श्रीकांतची वाट बघायची कोणाला सुचलं नाही. मायलेकी परसात गेल्या. अलीकडच्या तारा वेणक्कानं पक्कडीनं सोडवल्या. गंजल्या होत्या, बोटाला लागलं. पलीकडची तार श्रीकांतनं कठड्यावर चढून बांधलेली, तिथवर तिचा हात पोचेना. शिल्पानं पक्कड घेतली. कठड्याला पोट टेकलं, एक पाय उचलला आणि पाण्यावरून आपला लांब हात सरळ पुढं केला.

वेणक्कानं तिच्या परकराचा घोळ मुठीत घट्ट धरला.

"जपून," ती म्हणाली.

"हं," शिल्पा म्हणाली, आणि तार तुटली.